डोक्यावरची पाटी, गळ्यातली पाटी

मराठीत ‘पाटी’ या शब्दाला तीन घरे आहेत. शाळेत जाणाऱ्या पोराच्या दप्तरात असते ती पाटी, दारावर किंवा दुकानावर लागते ती पाटी, आणि माती, शेण, कचरा वाहण्यासाठी डोक्यावर घेतात तीही पाटीच. पहिलीवर अक्षर गिरवायचे, दुसरीवर नाव रंगवायचे आणि तिसरीखाली मान घालून चालायचे. शिक्षण, ओळख आणि ओझे ही तिन्ही एकाच शब्दाच्या आसऱ्याला आलेली पाहिली की भाषेला समाजाची केवढी माहिती असते, याचे नवल वाटते. कुणाच्या वाट्याला कोणती पाटी, यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसांची किंमत ठरत आली.

हा शब्द माझ्या मनात घोळतो तो एका अमेरिकन छायाचित्रामुळे. २८ मार्च १९६८ रोजी टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात, क्लेबोर्न टेंपल या चर्चबाहेर, अर्नेस्ट विदर्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने ते टिपले. रस्ताभर कृष्णवर्णीय पुरुष दाटीने उभे आहेत. अंगात कोट, कित्येकांच्या डोक्यावर हॅट, जणू रविवारच्या प्रार्थनेला निघालेत. प्रत्येकाच्या हातात काठीला ठोकलेली पाटी आहे आणि सगळ्या पाट्यांवर तेच चार शब्द आहेत : आय अ‍ॅम अ मॅन. त्यातल्या ‘अ‍ॅम’खाली रेघ ओढलेली आहे. ही माणसे त्या शहराचा कचरा उचलणारी होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांची पाटी डोक्यावर होती. आता ती हातात आली होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकेविषयी बोलू लागले की मोठमोठी दृश्ये डोळ्यांपुढे येतात. डॅलसमध्ये गोळी लागलेला राष्ट्राध्यक्ष, व्हिएतनाममधून परतणाऱ्या शवपेट्या, पेटलेली शहरे, विद्यापीठांच्या हिरवळीवर उतरलेले सैनिक, वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेला निक्सन. ही दृश्ये खरी आहेत, पण त्यांच्याकडे पाहून एवढेच कळते की काहीतरी कोसळत होते. ते का कोसळत होते, हे मला या पाटीवरच्या रेघेकडे पाहताना अधिक समजते. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

१ फेब्रुवारी १९६८. मेम्फिसमध्ये पाऊस कोसळत होता. इकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या पोटात शिरले. पुढे चालकाशेजारी त्यांच्यासाठी जागा नव्हती. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडून मेले. त्या जुनाट गाड्या बाद करा, असे कामगार आधीपासून सांगत होते. दोघे तासावर राबणारे कामगार असल्यामुळे अपघाताच्या भरपाईचा कायदा त्यांना लागू नव्हता. नगरपालिकेने प्रत्येक कुटुंबाला एका महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर दिले.

या मृत्यूंमागे रोजचे जगणे होते. घरांच्या मागच्या अंगणात जायचे, कचरा टबात भरायचा आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणायचा. टब गळके असत. घाण पाणी मानेवरून अंगावर उतरे. पूर्ण वेळ काम करूनही अनेकांना संसार चालवायला सरकारी मदतीचा आधार घ्यावा लागे. पाऊस आला की कृष्णवर्णीय कामगारांना पगाराविना घरी धाडत आणि गोऱ्या मुकादमांचा दिवस भरला जाई. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार कामावर आलेच नाहीत. तो अब्राहम लिंकनचा जन्मदिवस होता. संघटनेला मान्यता द्या, वर्गणी पगारातून कापू द्या, पगार वाढवा, गाड्या सुरक्षित करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. महापौर हेन्री लोएब यांनी संप बेकायदा ठरवला आणि ते त्या शब्दावर अडून बसले.

या मागण्यांमध्ये ‘आम्ही माणूस आहोत’ हे कलम कुठेच नव्हते. ते पाटीवर आले, कारण सगळ्या मागण्या जिथून निघाल्या ते मूळ तिथे होते. अमेरिकेच्या दक्षिणेत साठ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसालाही गोरा पोरगा ‘बॉय’ म्हणून हाक मारी. ‘मिस्टर’ हा मान त्याच्या नावाआधी कधी लागत नसे. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. अहोजाहो आणि अरेतुरे यांच्या मधली दरी आपल्याला जन्मापासून ठाऊक असते. आपल्या गावांतून पांढऱ्या केसांच्या माणसाला पाटलाचा नातू ‘ए’ म्हणून बोलावत असे, पुऱ्या नावाचे तुकडे करून हाक मारत असे, आणि म्हातारा ‘जी’ म्हणून पुढे येत असे. त्या एका अक्षरात सबंध गावगाडा मावलेला होता. मेम्फिसच्या पाटीवरच्या ‘मॅन’ या शब्दाचा पहिला रोख त्या ‘बॉय’वर होता : मी पोरगा नाही, पुरुषमाणूस आहे, बाप आहे, आजोबा आहे. आणि त्याखाली दुसरा, अधिक खोल अर्थ होता : मी जनावर नाही, अवजार नाही, मनुष्य आहे. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एका शब्दात राहतात. मराठीत आपण ‘माणूस’ म्हणतो तेव्हा दुसरा अर्थ आधी ऐकू येतो.

आता त्या रेघेविषयी. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८७ मध्ये, इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखानदाराने गुलामीविरोधी चळवळीसाठी एक छोटे पदक घडवले. त्यावर बेड्यांत जखडलेला एक कृष्णवर्णीय माणूस गुडघे टेकून, हात जोडून विचारतो आहे : मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का? त्या पदकाने मोठे काम केले. बायकांनी ते दागिन्यासारखे वापरले, त्यातून अनेकांची मने हलली. पण त्यातला माणूस गुडघ्यांवर होता आणि त्याचे वाक्य प्रश्नार्थक होते. होय किंवा नाही म्हणण्याचा अधिकार समोरच्याकडे होता. १८१ वर्षांनी मेम्फिसमध्ये तेच शब्द पुन्हा आले. आता माणूस पायांवर उभा होता, प्रश्नचिन्ह गळाले होते, आणि जिथे पूर्वी शंका होती त्याच क्रियापदाखाली रेघ होती. मराठीत ती रेघ ओढायची तर एक अक्षर पुरते : ‘मी माणूस आहेच.’

मला वाटते, ज्याला आपण अमेरिकेतली उलथापालथ म्हणतो ती या दोन वाक्यांमधल्या प्रवासात आहे. विनवणी विधान झाली. विनवणी ऐकणाऱ्याला आपण दयाळू असल्याचे समाधान मिळते. विधान ऐकणाऱ्याला जागेवरून हलावे लागते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कितीतरी सज्जनांना चळवळीचा राग आला, तो या हलावे लागण्याचा होता. गुडघे टेकलेल्या माणसावर त्यांनी मनापासून प्रेम केले असते.

या प्रवासाशी मराठीचा फार जुना संबंध आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून. त्यांनी आपल्या देशातल्या गुलामांना मुक्त केले याबद्दल जोतीरावांना आदर होता, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा होती. पुण्यात बसून, समुद्रापलीकडच्या एका यादवी युद्धाचा अर्थ इतका नेमका ओळखणारा माणूस त्या काळात दुसरा शोधावा लागेल. त्या वर्षी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मुक्त झालेले लोक मतदान करत होते, कायदेमंडळांत निवडून जात होते. मग १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि हाताशी आलेले पुन्हा हिसकावले गेले. मतदानाला अडथळे, शाळा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळ वेगळे, आणि अन्यायाविरुद्ध तोंड उघडणाऱ्याला झाडाला टांगणारा जमाव. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वेगळेपणावर शिक्काही मारला. जोतीरावांची अर्पणपत्रिका खोटी ठरली नाही. ती अमेरिकेच्या नावावर न फिटलेले देणे म्हणून राहिली. १९६८ ची पाटी त्या देण्याची मागणी करत होती.

मेम्फिसच्या संपामागे आणखी एक मराठी गाव उभे आहे, आणि हे मला फार मोलाचे वाटते. जेम्स लॉसन हा ओहायोत वाढलेला, मेथडिस्ट धर्मगुरूचा मुलगा. कोरियाच्या युद्धात सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल तो तेरा महिने तुरुंगात होता. सुटल्यावर १९५३ मध्ये तो नागपूरला आला आणि हिस्लॉप कॉलेजात खेळांचा प्रशिक्षक झाला. गांधींचा मार्ग त्याला जवळून अभ्यासायचा होता. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रांताच्या मुलखाची राजधानी होती. डिसेंबर १९५५ मध्ये, नागपुरातच, वर्तमानपत्रात त्याने वाचले की अलाबामातल्या माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला आहे आणि एक तरुण धर्मगुरू त्यांचे नेतृत्व करतो आहे. मार्टिन लूथर किंग हे नाव त्याच्यापुढे असे आले. दुसऱ्या वर्षी तो मायदेशी परतला. तो गेल्यानंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

एकाच शहरात, एकाच वर्षाच्या अंतरात हे दोन प्रवाह किती जवळून वाहून गेले! एकाने गांधींकडून प्रतिकाराची शिस्त नेली. दुसऱ्याने, गांधींशी आयुष्यभर वाद घातलेल्या नेत्याच्या मागे जाऊन, विनवणीच सोडून दिली. मला या दोहोंपैकी एकाची निवड करावीशी वाटत नाही. मेम्फिसच्या पाटीत मला दोन्ही दिसतात. लॉसनची शिस्त तिथे आहे, आणि १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर उच्चारलेल्या ‘माणुसकी’चा अर्थही आहे. इतरांच्या तोंडी माणुसकी म्हणजे दया, भूतदया. आंबेडकरी चळवळीने त्या शब्दाला हक्काचा अर्थ दिला : मला माणुसकी दाखवा असे नव्हे, माझी माणुसकी मला परत द्या. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडायच्या निवेदनाची प्रत मागितली होती आणि ड्यूबॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले होते. दोन्हीकडचे शहाणे एकमेकांची पाटी वाचत होते.

फेब्रुवारी १९५७ मध्ये किंग आणि लॉसन प्रथम भेटले. धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा होईपर्यंत थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या, असे किंग यांनी सुचवले. लॉसन नॅशव्हिलला गेला आणि तिथे चर्चच्या खोल्यांतून विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागला. त्या वर्गांचे वर्णन वाचताना मला आखाड्याची आठवण होते. काही विद्यार्थी गुंडांची भूमिका घेत. ते समोरच्याला शिव्या देत, ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. बाकीचे मार खाताना डोके कसे वाचवायचे, जमिनीवर अंग कसे आवळायचे, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची याचा सराव करत. डायेन नॅश, जॉन लुइस हे तिथे घडले. १३ फेब्रुवारी १९६० पासून ही मुले गोऱ्यांसाठी राखलेल्या खाणावळींच्या बाकांवर जाऊन बसू लागली. यापायी लॉसनला तो शिकत असलेल्या विद्यापीठाने काढून टाकले. एप्रिलमध्ये या मुलांच्या वकिलाच्या घरावर बाँब पडला, तेव्हा हजारो माणसे मूकपणे चालत नगर कचेरीवर गेली. पायऱ्यांवर उभ्या महापौरांना डायेन नॅशने सरळ विचारले : केवळ रंगावरून भेद करणे तुम्हाला चुकीचे वाटते का? महापौरांनी, एक माणूस म्हणून, होय म्हटले. १० मेपासून नॅशव्हिलमधल्या त्या बाकांवर सगळ्यांना वाढले जाऊ लागले.

ही हकिगत मी विस्ताराने सांगतो, कारण उलथापालथ या शब्दात अचानकपणाचा भास आहे. भांडे कलंडले, सांडले, एवढेच त्यातून दिसते. पण सांडण्यापूर्वी त्या खोल्यांत वर्षानुवर्षे सराव चालला होता. आणि त्याहून महत्त्वाचे, सांडण्यापूर्वीची शांतताही शांतता नव्हती. मेम्फिस १९६७ मध्ये शांत होते असे म्हणणारा माणूस गळक्या टबाखाली कधी उभा राहिलेला नसतो. त्या शहराची रोजची स्वच्छ सकाळ कुणाच्या तरी मानेवरून ओघळत होती. ते ओघळणे दिसू लागले, तेव्हा लोक म्हणाले, शांतता भंगली.

१९६२ पासून लॉसन मेम्फिसमधल्या एका चर्चचा धर्मगुरू होता. २३ फेब्रुवारी १९६८ रोजी पोलिसांनी मोर्चावर डोळ्यांची आग करणारा फवारा मारला, धर्मगुरूंनाही सोडले नाही. मग शहरातले कृष्णवर्णीय धर्मगुरू संपाच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या समितीची धुरा लॉसनवर आली. त्याने किंग यांना बोलावले. १८ मार्चला मेसन टेंपलमध्ये हजारोंच्या सभेत किंग यांनी सांगितले की कचरा उचलणाऱ्याचे काम वैद्याच्या कामाइतकेच मोलाचे आहे. तो आला नाही तर रोगराई पसरते. किंग तेव्हा देशभरातल्या गरिबांना वॉशिंग्टनला नेण्याची तयारी करत होते. मेम्फिस त्यांच्या वाटेवर नव्हते. पण ते थांबले, कारण ज्या प्रश्नासाठी ते राजधानीला निघाले होते तो इथे पावसात उभा होता.

विदर्सचे छायाचित्र मोर्चा निघण्यापूर्वीचे आहे. पुढच्या काही तासांत जे घडले ते त्यात नाही. मोर्चाच्या मागच्या टोकाला काही तरुणांनी पाट्यांच्या काठ्यांनी दुकानांच्या काचा फोडल्या. पोलीस तुटून पडले. सोळा वर्षांचा एक मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. किंग यांना तिथून हलवावे लागले. सुमारे ४,००० राखीव सैनिक शहरात उतरले. ज्या पाटीने माणूसपण सांगितले तिचीच काठी झाली, हे त्या चळवळीच्या मनाला खूप लागले. त्या तरुणांना मी दोष देऊ शकत नाही. अपमानाचा हिशेब कुणाच्या हातून कसा निघेल हे बाहेरून ठरवता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी संपकऱ्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. २९ मार्चच्या छायाचित्रांत ते संगिनी रोखलेल्या सैनिकांसमोरून आणि चिलखती गाड्यांशेजारून एका रांगेत चालले आहेत. पाट्या त्यांच्या गळ्यात अडकवलेल्या आहेत. आता हात मोकळे, काठी नाही, आणि शब्द थेट छातीवर.

गळ्यातली पाटी पाहिली की आपल्याला दुसरे काही आठवल्याशिवाय राहत नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने आपली थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधायचे आणि पाऊलखुणा पुसाव्यात म्हणून कमरेला झाडू लावायचा, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात नोंदवले आहे. मडके सांगत असे की हा माणूस नाही. मेम्फिसच्या कामगारांनी गळ्यात जे घातले ते स्वतः निवडलेले होते. गळा तोच, त्यात काय अडकवायचे हे ठरवणारा हात बदलला. मला क्रांतीची याहून साधी व्याख्या सुचत नाही.

३ एप्रिलच्या वादळी रात्री किंग मेसन टेंपलमध्ये शेवटचे बोलले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी सहा वाजून एक मिनिटाने लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली. बरोबर एक वर्षापूर्वी, ४ एप्रिल १९६७ रोजी, न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला होता आणि अनेक मित्र गमावले होते. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत शंभराहून अधिक शहरे पेटली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी, पुन्हा उभा राहणार नाही, असे चारच दिवसांपूर्वी जाहीर केले होते. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले. ऑगस्टमध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांनी युद्धविरोधी तरुणांना झोडपले. व्हिएतनाममध्ये तेव्हा पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते.

या आगीवरचे उत्तर ठाऊक नव्हते असे कुणी म्हणू शकत नाही. आदल्या उन्हाळ्यात डेट्रॉइटमध्ये ४३ माणसे मेली, त्यानंतर राष्ट्राध्यक्षांनीच चौकशी आयोग नेमला होता. मेम्फिसचा संप चालू असताना, २९ फेब्रुवारीला, त्या केर्नर आयोगाने स्पष्ट सांगितले की देश दोन समाजांत फाटत चालला आहे, एक काळा आणि एक गोरा, आणि यामागे गोऱ्यांचा वंशवाद आहे. घरे, शाळा, रोजगार यांवर खर्च करा. अहवालाच्या लाखो प्रती खपल्या, पण तिजोरी युद्धाकडे वळली होती. नोव्हेंबरमध्ये ‘कायदा आणि सुव्यवस्था’ म्हणत निक्सन निवडून आले. वंशभेदाचा उघड कैवार घेतलेल्या जॉर्ज वॉलेस यांना दक्षिणेतली पाच राज्ये मिळाली. १९७० च्या सुमारास राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून सुमारे २ लाख कैदी होते. २००० पर्यंत ते १३ लाखांवर गेले, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त होते. विधानाला दिलेले हे उत्तर होते. ज्याने मी माणूस आहे असे सांगितले त्याच्या कितीएक नातवांना देशाने कैद्याचा क्रमांक दिला.

तरीही ते विधान थांबले नाही. ते दुसऱ्यांच्या हातांत गेले. त्या पाटीवर ‘मॅन’ होते, आणि ते वाचणाऱ्या बायकांना त्यातली उणीव जाणवल्याशिवाय राहिली नसेल. ८ एप्रिलला मेम्फिसच्या रस्त्यांवरून निघालेल्या प्रचंड मूक मोर्चाच्या अग्रभागी कोरेटा स्कॉट किंग होत्या. नवऱ्याला अजून पुरायचे होते. आपल्याकडेही ‘माणूस’ म्हटले की आधी गडीच डोळ्यांपुढे येतो आणि बाईसाठी ‘बाईमाणूस’ असा वेगळा शब्द लागतो. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या स्त्रिया, १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये पोलिसांना तोंड देणारे समलिंगी तरुण, शेतमजूर, मूळनिवासी अशा एकेकाने आपापली पाटी लिहिली. ओकलंडमध्ये १९६६ साली निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव मुंबईत पोहोचले, आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली. पँथरचा जाहीरनामा १९७३ चा, म्हणजे ‘गुलामगिरी’नंतर बरोबर शंभर वर्षांनी. जोतीरावांनी अमेरिकेकडे पाठवलेली अर्पणपत्रिका जणू उत्तर घेऊन परत आली.

आणखी एक ऋण आहे, ते आपण क्वचितच बोलून दाखवतो. १९६५ च्या ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये नवा स्थलांतर कायदा. तोवर भारतातून वर्षाला अवघ्या १०० जणांना अमेरिकेत वसता येत असे. माणसाची लायकी त्याच्या वंशावरून ठरवू नये, हे देशाच्या गळी उतरवले ते मार खाल्लेल्या कृष्णवर्णीय मुलांनी. त्याच हवेत तो दरवाजा उघडला, आणि त्यातून आपले डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक आत गेले. त्यांनी गणपती बसवले, नाटके केली, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. न्यू जर्सीतल्या किंवा ह्यूस्टनमधल्या प्रत्येक मराठी घराच्या उंबऱ्याखाली नॅशव्हिलच्या त्या बाकांचा एक तुकडा आहे. तो ज्यांनी घडवला त्यांच्या वस्तीतून जाताना गाडीच्या काचा वर करणारे आपले कुणी असेल, तर त्याने हा तुकडा आठवावा असे मला मनापासून वाटते.

त्या छायाचित्राविषयी एक दुखरी गोष्ट सांगितली पाहिजे. अर्नेस्ट विदर्स २००७ मध्ये वारले. तीन वर्षांनी उघड झाले की चळवळीच्या घरात आपला म्हणून वावरणारा हा माणूस एफबीआयला माहिती पुरवत होता. हे वाचले त्या दिवशी मी ते छायाचित्र पुन्हा काढून बसलो. त्यातले चेहरे बदलले नव्हते, रेघ बदलली नव्हती. विदर्सने हे का केले, पोराबाळांसाठी की भीतीने, हे आता त्याला विचारता येत नाही. पण ज्या व्यवस्थेला पाट्या धरणाऱ्यांवर पाळत ठेवावीशी वाटली तिला त्या चार शब्दांची ताकद नक्की कळली होती. आणि ज्या डोळ्याने माहिती पुरवली त्याच डोळ्याने ती माणसे इतकी ताठ, इतकी सुंदर पाहिली. माणूस असण्यात हेही येते.

१६ एप्रिलला, पासष्टाव्या दिवशी, तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली. पगारवाढ तासाला १५ सेंट : त्यातले १० सेंट मे महिन्यापासून आणि ५ सेंट सप्टेंबरपासून. कामगार कामावर परतले. शहराच्या निवृत्तिवेतनाचा लाभ त्यांना नव्हता, म्हणून कित्येक जण म्हातारपणीही कचरागाडीवरच राहिले. २०१७ मध्ये, संपाला पन्नास वर्षे होत आली तेव्हा, हयात उरलेल्या मूठभर संपकऱ्यांना शहराने प्रत्येकी ५०,००० डॉलर देऊ केले. लॉसन जून २०२४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. क्लेबोर्न टेंपल, जिथे त्या पाट्या छापल्या, २०२५ च्या एप्रिलमध्ये आगीत भस्मसात झाले.

माझ्या सोसायटीत सकाळी सातला घंटागाडी येते. कचरा घेणारा माणूस साठीकडे झुकलेला आहे. परवा वरच्या मजल्यावरच्या एका लहान मुलाने खिडकीतून त्याला ‘ए कचरेवाला’ अशी हाक मारली. खालच्या जिन्यात डबा घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या आईने मान वर करून म्हटले, “काका म्हण.” मुलगा क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “काका, थांबा, आमचा राहिलाय.” तो माणूस थांबला. मेम्फिसपासून इथपर्यंत फार मोठे अंतर आहे, आणि गटारात उतरून गुदमरणारी माणसे आपल्याकडे अजून मरतात. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा पुस्तकात आहे. एका हाकेने त्यातले काही फिटत नाही. पण त्या ‘काका’खाली मला एक रेघ दिसली.